कुणाचं नेट कमी करू?

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास घरोघरी नेट आणि कॅमेरे लावून देण्याचं माझं काम आहे. त्यात एक मागणी इतक्या वेळा कानावर येते की फोनवर समोरच्याने आवाज खाली आणला की पुढचं वाक्य मला पाठ असतं. "भाऊ, नेट लई स्लो चालतंय" हे मोठ्याने, आणि मग हळूच, "त्याचं जरा कमी करून देता येईल का?" हा 'तो' घराघरांत बदलतो. कुठे गेम खेळणारा धाकटा, कुठे मोठ्या टीव्हीवर सिरियल लावून बसणारी सासू, कुठे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, कुठे सख्खा भाऊ. नेट वाढवून द्या म्हणणारे थोडे. वाढवायला पैसे पडतात, कमी करणं फुकट असतं, असा साधा हिशेब.

हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नाक्याच्या एका अंगाला पद्मानगर, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. दुसरीकडे कामतघर आणि वऱ्हाळदेवीचा तलाव. ठाण्याच्या दिशेने निघालात तर अंजूरफाटा आणि त्यापुढे गोदामांचा पसारा. अजूनही पुष्कळ ठिकाणी खाली माग आणि वर संसार अशीच रचना आहे. माग चालू असताना जिन्यातल्या भिंतीला पाठ टेकली तर खालचे किती चालू आहेत ते सवयीच्या माणसाला कळतं. अशा भिंतीवर खिळ्याला टांगलेला राउटर काही दिवसांत एका बाजूला कलतो आणि अडॅप्टरची पिन सैल होते. दिवा लागलेला दिसतो, पण राउटर मधूनच मरून पुन्हा जिवंत होत असतो. त्यात सुताचे बारीक तंतू. राउटरच्या खालच्या जाळीत ते असे बसतात की नखाने कडा उचलली तर करड्या रंगाचा अख्खा थर एका तुकड्यात निघून येतो. आतली चिप तापते, तापली की वेग आपोआप उतरतो. म्हणून माझ्या पिशवीत लॅपटॉपच्या आधी ब्रश आणि ब्लोअर असतो. 'नेट स्लो'च्या बऱ्याच तक्रारी कुठलाही नियम न लिहिता तिथेच मिटतात.

कमी पडणाऱ्या वस्तूचं वाटप भिवंडीकराला नवीन नाही. 26 जानेवारी 2007 ला शहराचं वीज वितरण टोरंट पॉवरकडे गेलं. त्याआधीची भारनियमनाची वर्षं ज्यांनी मागांवर काढली, ते अजूनही पाळी आणि तास यांच्या भाषेत बोलतात. त्यामुळे असेल कदाचित, पण नेट अडकलं की इथला माणूस आधी विचारतो, कुणाचं बंद करायचं? विजेच्या बाबतीत हा प्रश्न बरोबरच होता. वीज कमी असेल तर कुणाची तरी तोडावीच लागते. नेटचं गणित वेगळं आहे. मी ज्या घरांत जातो त्यांतल्या बहुतेकांत नेट कमी पडतच नसतं.

हे पटवायला वेळ लागतो, कारण प्रत्येकाच्या फोनवर स्पीड टेस्टचं ॲप असतं. "हे बघा, सत्तर दाखवतंय. मग अडकतं का?" काही जणांची तक्रार याच्या उलट असते, की शंभरचा प्लॅन घेतला आणि फाइल उतरताना बाराच दिसतात. त्यांना आठाचा पाढा सांगितला की काम होतं. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. सत्तर दाखवूनही अडकतं त्याचं उत्तर मात्र स्पीड टेस्टमध्ये सापडत नाही. मी लॅपटॉप केबलने राउटरला जोडतो, काळी खिडकी उघडतो आणि 1.1.1.1 या पत्त्याला पिंग लावून ठेवतो, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहतो. उत्तर मुंबईतूनच येतं, त्यामुळे लाइन मोकळी असेल तर पाच-सहा मिलिसेकंद. मग घरातल्याच कुणाला तरी सांगतो की एखादा लग्नाचा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा. आकडे हलायला लागतात. सहा, नऊ, चाळीस, एकशे नव्वद, सहाशे. इथे घरची माणसं खुर्ची ओढून जवळ येतात.

बोलण्याचा आवाज एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असं दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं जुनं मार्गदर्शन आहे. त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम गप्प होतात. व्हॉट्सॲपवरच्या नुसत्या बोलण्याला शंभर केबीपीएस पुरेसे होतात. म्हणजे शंभर एमबीपीएसच्या लाइनवर तिच्या हजाराव्या भागाइतकं बोलणं अडकतं. जागा कमी म्हणून अडकत नाही. त्याच्या पुढे दुसऱ्या कुणाचा तरी माल उभा असतो.

पद्मानगरातलं एक घर सांगतो. तळमजल्यावर माग आणि काचेची छोटी केबिन, पहिल्या मजल्यावर थोरला भाऊ, दुसऱ्यावर धाकटा. लाइन एकच. धाकट्याची मुलगी बारावीला, संध्याकाळचा ऑनलाइन क्लास. थोरल्याचा मुलगा गेमवाला. रोज रात्री आठला मुलीच्या क्लासचं चित्र गोठायचं आणि मग वर-खाली बोलाबोली. धाकटा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, त्या पोराच्या फोनला आठ ते दहा लिमिट टाका. जिना उतरलो तर थोरले अन्ना म्हणाले, वरच्यांच्या टीव्हीचं काही करता येईल का?

गेमबद्दल घरोघरी मोठा गैरसमज आहे. गेम आधी डाउनलोड होतो तेव्हा तो लाइन खातो, हे खरं. खेळताना मात्र तो अगदी थोडं मागतो, पण ते वेळच्या वेळी मागतो. त्यामुळे लाइन तुंबल्याचं सगळ्यात आधी गेमवाल्या पोरालाच कळतं आणि तोच सगळ्यात आधी ओरडतो. ओरडतो म्हणून चोर ठरतो. टीव्हीवर चांगल्या प्रतीचं चित्र पाच एमबीपीएसच्या आसपास भागतं. या घराची लाइन पन्नासची होती, दोन्ही बाजूंना पन्नास. दोघा आरोपींना एकत्र धरलं तरी हिशेब जुळेना.

आठ वाजता राउटरवर कोण किती खेचतोय ते बघायला बसलो. खाली येणारा माल बेताचाच होता. वर जाणारा मात्र काठोकाठ भरलेला, आणि तो सगळा तळमजल्यावरच्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून निघत होता. रात्री आठला मागांची पाळी बदलते. दोघांचे वडील गावाकडे, तेलंगणात राहायला गेलेले. पाळी बदलताना कोण आलं, कोण नाही, ते बघायला ते रोज त्या वेळी फोनवर सगळे कॅमेरे उघडून बसत. डझनभर कॅमेरे, प्रत्येकाचं चित्र पूर्ण दर्जाचं, म्हणजे साधारण चार-चार एमबीपीएस. गुणाकार करा. ज्यांच्या पैशांनी लाइन आली होती तेच ती रोज तुंबवत होते आणि घरात भावा-भावांत धुसफुस चालली होती.

अन्नांनी कपाळावर हात मारला आणि पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "वडलांचं कमी नाही करायचं." मी म्हटलं, करायचंच नाही. कॅमेऱ्यांना दोन प्रवाह असतात, एक जाड आणि एक बारीक. सहा इंचांच्या पडद्यावर बारा चौकोन बघणाऱ्याला बारीक प्रवाह पुरतो. एखादा चौकोन मोठा केला तरच जाड लागतो. ते बदललं. पण तेवढ्यावर सोडलं असतं तर उद्या कुणाच्या तरी फोनचे फोटो आपोआप चढायला लागले की तोच तमाशा. रांगेचा बंदोबस्त करणं भाग होतं.

ही रांग समजावताना मी रस्त्यावरच्या ट्रॅफिकची उपमा देत नाही. ती सगळेच देतात, आणि आमच्या नाक्यावर राहणाऱ्याला ट्रॅफिक म्हटलं की सुटण्याची आशाच राहत नाही. मी भिशीची देतो. भिशी म्हणजे मागावरच्या कामगारांची खानावळ. समजा वाढप्याच्या पुढे एक पोरगा वीस जणांचे डबे घेऊन उभा आहे आणि त्याच्या मागे एकाला फक्त एक चपाती हवी आहे. चपात्या भरपूर आहेत, वाढपी झपाट्याचा आहे, तरी त्या माणसाला वीस डबे भरेपर्यंत उभं राहावं लागतं. यावर डबेवाल्याला कमी वाढणं हा उपाय नव्हे. एक डबा त्याचा, एक चपाती याची, पुन्हा एक डबा त्याचा, असं वाढलं की चपातीवाला लगेच सुटतो. डबेवाल्याचा एकूण वेळ तर जवळपास तेवढाच लागतो.

हे शहाणपण राउटरमध्ये यायला जगाला बरीच वर्षं लागली. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातली जोडणी सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आली. चाळीस हजारांवर नव्हे, सरळ चाळीसावर. व्हॅन जेकबसन यांनी त्याचं कारण शोधलं आणि 1988 मध्ये निबंध लिहिला. माल पोचला नाही, तर पाठवणाऱ्याने स्वतःहून हात आखडता घ्यायचा, ही आजच्या इंटरनेटची शिस्त तिथून घट्ट झाली. पण पुढे मेमरी स्वस्त झाली. माल टाकून देण्यापेक्षा साठवलेला बरा, असं म्हणून यंत्रं बनवणाऱ्यांनी राउटरच्या, मोडेमच्या पोटात मोठमोठ्या रांगा बसवल्या. माल गळेना, म्हणून पाठवणाऱ्याला तुंबल्याचं कळेना, म्हणून तो हात आखडेना. 2010 च्या सुमारास जिम गेटिस यांना हे स्वतःच्या घरच्या लाइनवर दिसलं. त्यांनी या फुगलेल्या रांगांना 'बफरब्लोट' नाव दिलं. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनी 'कोडेल' नावाची रीत मांडली. रांग किती लांब आहे ते ती बघत नाही, माल रांगेत किती वेळ उभा आहे ते बघते. ठरावीक काळ सलग पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त उभा राहायला लागला की थोडा टाकून द्यायला सुरुवात करते. त्याला 'एक याचं, एक त्याचं' वाटप जोडून 'एफक्यू-कोडेल' झालं, 2018 मध्ये लिनक्समध्ये त्याच्या पुढचं 'केक' आलं. डेव्ह टॅट नावाचा एक माणूस वर्षानुवर्षं या गोष्टीच्या मागे लागला होता. 2025 मध्ये तो गेला. भिवंडीतल्या ज्या पोरांचे क्लास आता गोठत नाहीत त्यांना हे नाव कधी कळणार नाही. इथे लिहून ठेवतो.

आता प्रत्यक्ष कामाचं. ही सगळी हुशारी तेव्हाच चालते जेव्हा रांग आपल्या राउटरमध्ये लागते. लाइन पन्नासची आणि राउटरची ताकद पाचशेची असेल तर राउटर माल धडाधड पुढे ढकलतो आणि रांग कंपनीच्या डब्यात लागते, तिथे आपला हात पोचत नाही. म्हणून आपल्या राउटरला मुद्दाम थोडा संथ करायचा, लाइनपेक्षा किंचित कमी, म्हणजे रांग आपल्या दारात येते. किती कमी, ते प्लॅनच्या कागदावर बघून ठरवायचं नसतं. संध्याकाळी आठ ते दहा, जेव्हा अख्खी आळी नेटवर असते, तेव्हा मोजायचं. त्या घरात पन्नासच्या लाइनवर संध्याकाळी पंचेचाळीस-सेहेचाळीस मिळत होते. मी चाळीस टाकले.

त्या चाळीसवर अर्धा तास वाद झाला. तो शेवटी सांगतो.

चौकटीत आकडा टाकताना एकक बघावं. काही राउटर केबीपीएस मागतात. तिथे नुसते चाळीस टाकून ठेवलेली घरंही मी पाहिली आहेत, घरमालक दोन दिवस कंपनीला शिव्या घालत होता. दुसरी गोम मायक्रोटिकच्या राउटरवर. त्यात मुळातच 'फास्टट्रॅक' नावाचा एक नियम असतो. एकदा सुरू झालेल्या जोडणीचा माल तो थेट आडवाटेने पुढे काढतो, वेग वाढतो, पण तो माल तुमच्या रांगेला शिवतच नाही. नियम लिहिलेला दिसतो, चालू दिसतो, मोजणीचा काटा मात्र शून्यावर. साध्या घरगुती राउटरमध्ये हेच काम हार्डवेअरमधली आडवाट करते. ती बंद केली की सगळं ओझं राउटरच्या मेंदूवर येतं आणि स्वस्तातला राउटर दोनशे-तीनशेच्या प्लॅनला धापा टाकतो. मोठा प्लॅन घ्यायचा असेल तर राउटरही तसा घ्या, हे मी स्पष्ट सांगतो. विकायचा असतो म्हणून सांगतो असं लोकांना वाटतं. असूही देत.

पूर्वी नियम लिहिणं वेगळं होतं. कुठला माल कुठल्या पोर्टवरून जातो ते बघायचं आणि त्याप्रमाणे वरचा-खालचा नंबर द्यायचा. आता यूट्यूब, बँक, शाळेचा क्लास, जीएसटीचं पोर्टल, ई-वे बिल, सगळं एकाच 443 नंबरच्या दारातून, कुलूप लावून जातं. आत काय आहे ते राउटरला दिसत नाही, आणि दिसू नये हेच बरं. मग उरतं यंत्र कुणाचं ते. घरगुती राउटरांवर 'प्रायॉरिटी'चं बटण असतं, त्याचा मला राग आहे. आज मुलीच्या लॅपटॉपवर लावलं, उद्या बाबांच्या फोनवर, परवा टीव्हीवर. वर्षाने जाऊन बघावं तर घरातली झाडून सगळी यंत्रं व्हीआयपी. त्यापेक्षा सगळ्यांना सारखं वाढणारी रांग बरी. तीत कुणाला निवडावं लागत नाही, म्हणून कुणाचं तोंडही वाकडं होत नाही.

सारखं म्हणजे कुणात सारखं, हा पेच तरीही राहतो. यंत्रांत सारखं वाटलं तर फोन, लॅपटॉप आणि टॅब बाळगणाऱ्याला तिप्पट आणि एकच फोन असलेल्या आजीला एक वाटा. माणसांत वाटायचं तर कुठलं यंत्र कुणाचं ती यादी हवी. ही यादी करायला बसणं हा माझ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. राउटर सगळी नावं दाखवतो आणि घरातलं कुणी ना कुणी म्हणतं, "हा कुठला फोन?" कामतघरच्या एका घरात असे दोन फोन निघाले. मुलगा उसळला, पासवर्ड चोरला म्हणाला, आत्ताच बदला. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती काही बोलली नाही, पण पदराला हात पुसत पुसत माझ्याकडे बघत राहिली. चहा देताना हळूच म्हणाली, शेजारच्या पोरांचे आहेत. 2020 मध्ये शाळा फोनवर आल्या, त्यांचे वडील मागावर, माग बंद, रिचार्जला पैसे नव्हते. तेव्हा दिला होता पासवर्ड. आता परत कसा मागू?

मी मुलाला सांगितलं की पासवर्ड बदलतो, आणि पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करून देतो. येणारे-जाणारे असतात, घरची यंत्रं त्यांना दिसायला नकोत. हे खरंच होतं, सगळ्या घरांत मी तसंच सुचवतो. पाहुण्यांचं वायफाय पाच एमबीपीएसवर बांधलं. मुलाचं समाधान झालं. त्याचा पासवर्ड मी आईच्या हाताने लिहून घेतला.

सगळीकडे असं गोड होत नाही. "सुनेचा फोन रात्री दहानंतर बंद पडेल असं करा, तिला सांगू नका," असंही येतं. सांगणारा सभ्य माणूस असतो, चहा पाजतो. मी आधी तांत्रिक उत्तर देतो, आणि ते सोयीचं असतं म्हणून देतो. अँड्रॉइड 10 पासून आणि आयफोनच्या 2020 च्या आवृत्तीपासून फोन वायफायला आपला खरा पत्ता देत नाही, बनावट देतो. सेटिंगमधली एक खूण बदलली की राउटरला तो नवाच फोन वाटतो आणि जुना नियम गळून पडतो. शाळकरी पोरांना हे माझ्याआधी माहीत असतं. तरीही आग्रह झाला तर सांगतो की घरातल्या कुणालाही न कळता मी नियम लावत नाही. जे लावेन त्याचा कागद राउटरच्या शेजारी चिकटवेन. कागद म्हटला की विषय बहुधा थांबतो. एक-दोन गिऱ्हाइकं यात गेली, त्यांनी दुसरा माणूस बोलावला असणार. राउटरचा पासवर्ड ज्याच्या हातात त्याच्या हातात घरातल्या प्रत्येकाचं दार, हे लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त खरं आहे.

गंमत बघा. 2015 मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांनी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, ईमेल पाठवले, की कंपनीने एका वेबसाइटला झुकतं माप आणि दुसरीला ठेंगा असं करू नये. फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने भेदभावाचे दर बंद केले, 2018 मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली. हे नियम कंपनीला लागू आहेत, घराच्या उंबऱ्याआत नाहीत. आत कुणाचा माल आधी, कुणाचा नंतर, हे घरातल्यांनी आपसांत ठरवायचं, आणि नियमांनी रोखलेला सगळा भेदभाव तिथे बिनबोभाट चालू शकतो. त्या ईमेल पाठवणाऱ्यांतला एक तरुण, आता बाप झालेला, माझ्याकडून मुलाच्या टॅबवर चार नियम लावून घेऊन गेला. लहान मुलाचं मी समजू शकतो. माझा आक्षेप चोरून लावण्याला आहे.

काही ठिकाणी रांगेचा इलाज चालत नाही. वायफायच जिथे पोचत नाही, तीन भिंतींपलीकडे, तिथे नियम लिहून उपयोग शून्य. एक केबल ओढणं हाच उपाय. इथल्या दाट चाळींत 2.4 गिगाहर्ट्झवर प्रत्येक घराचा राउटर ओरडत असतो. चॅनेल 1, 6 आणि 11 एवढेच एकमेकांच्या अंगावर न येणारे, आणि तिन्ही भरलेले. जवळच्यांना पाच गिगाहर्ट्झवर टाकतो. कंपनीची लाइनच संध्याकाळी कधी पंचेचाळीस, कधी पंधरा अशी हेलकावत असेल तर चाळीसचा आकडा खोटा ठरतो, रांग पुन्हा कंपनीच्या दारात जाते. अशा घरात आकडा पंधराच्या खाली आणणं कुणालाच परवडत नाही. मी सरळ लाइन बदला म्हणतो. आणि रस्त्यात खोदकाम झालं, मग ते कुणाचंही असो, तर फायबर तुटते. त्या दिवशी सगळ्यांना अगदी समान वाटप होतं.

आता तो चाळीसचा वाद. काम संपल्यावर मी पाचशे रुपये मागितले. अन्नांनी फोनवर स्पीड टेस्ट लावली. एकोणचाळीस. "आधी सेहेचाळीस येत होते," ते म्हणाले, "तुम्ही सात कापले, वर पाचशे मागता?" मागवाल्या माणसाशी हिशेबात वाद घालू नये. मी पिंगची खिडकी पुढे केली, गावाकडे वडिलांना फोन लावायला सांगितला, कॅमेरे तेवढ्यापुरते पुन्हा जाड प्रवाहावर उघडा म्हटलं, वर मुलीचा क्लास, खाली पोराचा गेम, आणि टीव्हीही लावायला लावला. आकडा बारा-चौदाच्या पुढे जाईना. मग नियम बंद केला. आकडा चारशेवर गेला आणि वरून धाकट्याची हाक आली, "अन्ना, गोठलं!" नियम चालू केला.

ते पाचशेच्या नोटेकडे बघत थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "कापायचे पाचशे. मग वाढवून दिले असते तर किती घेतले असते?"

वाढवायचे कंपनी घेते, मी म्हटलं. त्यांनी चारशे दिले.